पहाटे पाचची हवा

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी तीन हिवाळे मी मुलुंड ते विक्रोळी असा हायवेच्या सर्व्हिस रोडवरून पळलो. पहाटे ५ वाजता. अंगाला गारवा, दिव्यांभोवती धुक्याचं वलय, आणि डोक्यात आजोबांचं पालुपद, 'पहाटेची हवा अमृत.' आजोबा सावंतवाडीत फिरायचे, एवढं मात्र लक्षात आलं नाही.

तिसऱ्या वर्षी डिसेंबरात खोकला लागला. नाक शिंकरलं की पांढऱ्या रुमालावर काजळाची रेघ उमटायची. मी काय केलं? काळा रुमाल घेतला. मग एका रविवारी ऐरोली नाक्याजवळ छातीतून शिट्टी वाजायला लागली आणि कठड्यावर बसावं लागलं.

डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं. 'फुंका, अजून, अजून!' हाफ मॅरेथॉन पळणारा माणूस सहा सेकंदांत घामाघूम. दम्याचा पंप ओढून पुन्हा फुंकलं, तेव्हा आकडा सुधारला. श्वासनलिका आवळल्या होत्या. किती पळता हे त्यांनी विचारलंच नाही. कुठे आणि किती वाजता, एवढंच विचारलं.

बसल्या जागी आपण मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो, जोरात पळताना ६०-७० किंवा त्याहून जास्त. तीही तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी वगळून. केसाच्या विसाव्या हिश्शाहून बारीक कण थेट वायुकोशांत उतरतात. त्यात हिवाळ्याच्या रात्री जमीन निवते, खालची हवा गार आणि वरची उबदार राहते. पातेल्यावर झाकण बसावं तशी. ट्रकचा धूर, बांधकामांची धूळ, सगळं त्याखाली कोंडतं. ऊन चढल्यावर झाकण उचललं जातं. मुंबईला तारणारं समुद्रावरचं वारंही दुपारी जोर धरतं.

आता मी आधी हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक दाखवणारं 'समीर' ॲप बघतो. पण त्यातल्या शब्दांवर जाऊ नका. सूक्ष्म कणांची आपली २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. म्हणजे आपलं 'समाधानकारक' त्यांच्या मर्यादेच्या चौपट असू शकतं. निर्देशांक दीडशेच्या वर गेला की मी घरातच जिना चढतो. वेगाचा सराव फक्त बऱ्या दिवशी, ऊन चढल्यावर, हायवे सोडून आतल्या गल्ल्यांत. दोन-तीनशे मीटर आत गेलं तरी गाड्यांचा धूर बराच उतरतो. कापडी मास्कचा या कणांपुढे फारसा उपयोग नाही, आणि एन-९५ लावून पळून बघा, दुसऱ्या चौकात काढाल. शिट्टी वाजली तर तिथेच थांबा, आणि मित्राचा पंप उसना ओढण्याआधी स्वतःची तपासणी करून घ्या.

गेल्या रविवारी आमच्या ग्रुपवर पाचचा हायवेचा फोटो आला, 'काय मस्त धुकं!' मी खाली त्या वेळचा निर्देशांक लिहिला, १८६. सहा जणांनी अंगठा दिला आणि पळायला गेले.