दोन सारखी महाविद्यालये : निवड कशी करावी?

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराजवळ हॅवरफर्ड (स्थापना १८३३) आणि स्वार्थमोर (१८६४) ही दोन छोटी महाविद्यालये आहेत. दोन्हींचे संस्थापक क्वेकर पंथीय. दोन्हीकडे विद्यार्थिसंख्या दोन हजारांहून कमी आणि भर पदवी शिक्षणावर. दोन्हीकडे प्रवेश मिळालेला विद्यार्थी साहजिकच संभ्रमात पडतो. चार वर्षांचा काळ आणि कुटुंबाची पुंजी पणाला लागलेली असते.

अशा वेळी साम्य बाजूस ठेवून कार्यपद्धतीतील भेद पाहावा. स्वार्थमोर येथे अभियांत्रिकीची पदवीही घेता येते. १९२२ साली सुरू झालेल्या तेथील ऑनर्स योजनेत बाहेरचे परीक्षक विद्यार्थ्यांची परीक्षा घेतात. हॅवरफर्डमध्ये सचोटीची आचारसंहिता विद्यार्थीच चालवितात. अनेक परीक्षा पर्यवेक्षकाविना होतात. जवळच्याच ब्रिन मॉर या महिला महाविद्यालयातील विषयही तेथील विद्यार्थ्यांना घेता येतात.

अभियांत्रिकीकडे कल असणाऱ्यास पहिले, तर परस्परविश्वासाच्या वातावरणात रमणाऱ्यास दुसरे अधिक मानवेल. मात्र छापील शुल्कावर विसंबू नये. अर्थसाहाय्य वजा जाता प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम चारही वर्षांसाठी मांडून पाहावी. परत फेडावयाचे कर्ज हे साहाय्य नव्हे, याचेही भान ठेवावे. मार्गदर्शक शिक्षकांनी नावलौकिकाआधी विद्यार्थ्याचा कल आणि घरची ऐपत विचारात घेणे श्रेयस्कर होय.