राजूर कॉलरी : खाण कामगारांची घरे

वणी तालुक्यातील राजूर कॉलरी या गावाने खाणीचे नावच धारण केले आहे. वर्धा खोऱ्यातील दगडी कोळशाने येथे रोजगार आणला आणि त्यामागून वस्ती आली.

खासगी मालकीच्या काळात देशातील अनेक खाणींवर कामगारांसाठी एकेका खोलीच्या रांगा बांधीत. वारा खेळण्यास वाव नसे, पाणी सामाईक असे. पाळीचा भोंगा ऐकू यावा, एवढेच त्या रचनेचे सूत्र असावे! १९४७ च्या कायद्याने कोळशावर दर टनामागे कर बसवून कामगारांच्या घरांसाठी व कल्याणासाठी निधी उभारला. स्वतंत्र स्वयंपाकघर व शौचालय असलेली घरे पुढे रूढ होत गेली. कोळसा काढल्यावर वरची जमीन खचू शकते. म्हणून वसाहतीची जागा निवडताना भूगर्भातील कामाचा नकाशा पाहावा लागतो.

१९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले; १९७५ मध्ये नागपूर येथे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनी स्थापन झाली. घर मात्र नोकरीशीच बांधलेले राहिले. निवृत्तीनंतर ते सोडावे लागते. खाण बंद पडल्यास पाणी, दिवाबत्ती व गटारे कोणी सांभाळावीत, हा प्रश्न ग्रामपंचायतीपुढे येतो. तो खाण चालू असतानाच कंपनीशी लेखी ठरविलेला बरा.