‘पेनिम’ म्हणजे कोण?

जुन्या इंग्रजी ग्रंथांत ख्रिस्ती नसलेल्या मनुष्यास ‘पेनिम’ म्हटलेलें आढळतें. हा शब्द आतां कोणी बोलत नाहीं. तरी त्याचें कूळ खेड्यांतील मंडळ्यांनीं जाणून घेण्याजोगें आहे.

‘पेनिम’ जुन्या फ्रेंच भाषेंतून आला. त्याचें व ‘पेगन’ या शब्दाचें मूळ एकच, तें लातिन ‘पागानुस’. ‘पागुस’ म्हणजे खेड्यांचा मुलूख, आणि ‘पागानुस’ म्हणजे तेथील रहिवासी. शहरवासी ज्याला हिणवून खेडवळ म्हणतात तो! चौथ्या शतकांत ख्रिस्ती लोक हा शब्द बाहेरच्यांस लावूं लागले, इ. स. ३७० च्या एका बादशाही कायद्यांत तो आहे. ओरोसियस यानें इ. स. ४१७ च्या सुमारास लिहिलें कीं, हें नांव खेड्यापाड्यांवरूनच पडलें. परंतु इ. स. ३८४ मध्यें विजयदेवीची वेदी परत मागणारा सिम्माखुस हा रोम शहराचाच मोठा अधिकारी होता, खेडवळ नव्हे. दुसरें मत असें कीं, शिपाई लोक बिनलष्करी माणसास ‘पागानुस’ म्हणत, आणि विश्वासणारे स्वतःस ख्रिस्ताचे शिपाई समजत. आम्हांस हें मत अधिक पटतें.

‘हीदन’ या शब्दाची गोष्ट निराळी. बिशप उल्फिला यानें चौथ्या शतकांत गॉथिक भाषेंत शास्त्राचें भाषांतर केलें. त्यांत मार्क ७:२६ येथें सुरफुनीकी स्त्रीस त्यानें ‘हैथ्नो’ म्हटलें. ‘हीदन’ त्याच घराण्यांतला शब्द. आतां ही स्त्री कोण? कुत्र्यांचा दाखला ऐकूनही जी मेजाखालच्या चुर्‍यासाठीं हटून बसली, आणि जिचा विश्वास मोठा असें खुद्द प्रभूनें म्हटलें (मत्तय १५:२८), तीच ही!

आपल्या शास्त्रांतील ‘परराष्ट्रीय’ या शब्दामागें इब्री ‘गोय’ आहे. त्याचा अर्थ केवळ राष्ट्र. अब्राहामास मोठें राष्ट्र करण्याचें वचन मिळालें (उत्पत्ति १२:२), तेथेंही ‘गोय’ हाच शब्द आहे.

एका तरुण उपदेशकानें आम्हांस विचारलें, “माझी आई अजून जुन्या धर्मांत आहे. प्रार्थनेंत तिला मूर्तिपूजक म्हणावें काय?” आम्हीं म्हटलें, “बाबा, आई म्हणावें.” तो गप्प राहिला; मग म्हणाला कीं, मंडळींतील वडील मंडळी तसें म्हणूं देत नाहींत. त्या वडिलांसाठींच हा लेख आहे. त्यांनीं येत्या रविवारीं मार्क ७:२४–३० हा भाग मंडळीपुढें स्वतः वाचावा.