अठरावा अध्याय : वेल उपटल्यानंतर

आज अध्याय अठरावा. गुरुचरित्राचं सप्ताह-पारायण ज्यांना जमत नाही, तेही हा एक अध्याय रोज वाचतात. कुणी घरी देवासमोर बसून, कुणी लोकलमध्ये मोबाईलवर. कारण उघड आहे. यात दारिद्र्य जातं, घरात लक्ष्मी येते. पण आपण शेवटाकडे इतक्या घाईने जातो, की मधलं काही नीट वाचलंच जात नाही.

आधी जागा समजून घेऊ. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा भेटतात. श्रीनृसिंह सरस्वती इथे बारा वर्षं राहिले. कृष्णेच्या पलीकडचं औरवाड हेच पोथीतलं अमरापूर असं मानतात. अमरेश्वराचं देऊळ तिथेच आहे. वाडीला गेलात तर पूल ओलांडून जरूर जा. बहुतेक जण दर्शन, बासुंदी आणि परतीची गाडी एवढ्यातच उरकतात.

या अमरापुरात एक गरीब ब्राह्मण कुटुंब. कोरान्न मागायचं, मिळेल ते खायचं. काहीच मिळालं नाही, तर दारातल्या घेवड्याच्या शेंगा शिजवायच्या. श्रीगुरु भिक्षेला आले, तेव्हा त्यांनाही त्याच वाढल्या. गुरूंनी जेवून आशीर्वाद दिला, तुमचं दारिद्र्य गेलं म्हणाले, आणि निघताना तोच वेल उपटून टाकला.

बायको रडते. या संन्याशाचं आम्ही काय वाईट केलं होतं, असं म्हणते. नवरा तिला समजावतो : गुरूला दोष देऊ नको, जो मुंगीपासून हत्तीपर्यंत सगळ्यांना पोसतो, तो आपल्यालाही पोसेल.

आपल्याकडे प्रवचनात या बाईला 'श्रद्धा कमी पडली' म्हणून बाजूला केलं जातं. मला ते पटत नाही. तो वेल म्हणजे तिच्या चुलीवरचं उद्याचं जेवण होतं. ते गेल्यावर रडू येणारच. आणि पोथीत तिला कुठलीही शिक्षा नाही. पुढे जे मिळालं ते तिच्याही घरात आलं. कृतज्ञतेने गुरूंकडे दोघंही गेली.

आता नवऱ्याकडे बघा. तो धन शोधायला खणत नाही. वेल पडलाय, तो उचलून टाकायचा, जमिनीत राहिलेलं मूळ काढायचं, एवढंच त्याच्या डोक्यात आहे. साधं घरकाम. धनाने भरलेला कुंभ त्या कामात लागतो. म्हणजे त्याने विश्वास ठेवला, तेव्हा कुंभाचा पत्ताच नव्हता. वेल उपटल्यापासून कुदळ कुंभाला लागेपर्यंतचा जो वेळ, मला वाटतं हा अध्याय तिथे आहे. पोथीत तो चार ओव्यांत संपतो. आपल्या आयुष्यात त्याला चार वर्षंही लागतात.

एक मैत्रीण पाच महिन्यांपासून नोकरीविना आहे. घरी वडिलांचं आजारपण, डोक्यावर फ्लॅटचा हप्ता. तिने मेसेज केला, "रोज अठरावा वाचते. वेल तर गेला. कुंभ कुठाय?" तुझा कुंभ अमक्या दिवशी निघेल, असं मी तिला लिहिलं नाही. ते मला कुठून ठाऊक असणार? वाचन सोडू नकोस, रडू आलं तर रड, आणि अर्ज पाठवत राहा, एवढंच लिहिलं.

हे शब्द मला वाडीच्या पुराने शिकवले. पावसाळ्यात कृष्णा चढते, देवळात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. या दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला लोक लांबून येतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि नित्याची पूजा तिथे चालू राहते. २००५, २०१९, २०२१ या वर्षी तर पाणी गावात घुसलं, घरं सोडावी लागली. देव आहे म्हणून पूर येणार नाही, असं वाडीत कुणी म्हणत नाही. लोक सामान वर चढवतात, जनावरं हलवतात, आणि आरतीची वेळही पाळतात. भरवसा आणि तयारी यांत त्यांना भांडण दिसत नाही.

आणि हो, या अध्यायात गुरूंची एक स्पष्ट आज्ञा आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. धन मिळाल्यावर गुरू त्यांना सांगतात, हे कुणाला सांगू नका. बोललात तर लक्ष्मी राहणार नाही. आता प्रत्येक अनुभव लगेच स्टेटसला टाकायच्या आपल्या दिवसांत ही आज्ञा वेल गमावण्याइतकीच अवघड असावी!

आज वाचताना त्या चार ओव्यांपाशी जरा थांबा. उद्या एकोणिसावा : औदुंबर, चौसष्ट योगिनी आणि गुरूंचं वाडीहून निघणं.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!