दोन मल्ल

सुगी आटोपली, की महाराष्ट्रात गावोगावी जत्रा भरतात. दुपार कलली म्हणजे हलगीचा कडकडाट सुरू होतो आणि सारा गाव कुस्त्यांच्या फडाकडे लोटतो. कृष्णाकाठची उसाची गावे असोत, की बीड जिल्ह्यातील वडवणी-पाटोद्याचा कोरडवाहू मुलूख असो, हे दृश्य सर्वत्र सारखेच. नारळावरच्या पोरासोरांच्या कुस्तीने आरंभ होतो आणि नामांकित मल्लांच्या जोडीने शेवट. फड उलगडल्यावर घराकडे परतणाऱ्या लोकांत मात्र एक वाद हटकून रंगतो : “हा मल्ल मोठा, की तो मोठा?”

हा वाद गोड असला, तरी सोपा नाही. एकाच फडात लढलेल्या दोघांची तुलना करता येते. पण ज्यांच्या जन्मांत पासष्ट वर्षांचे अंतर आहे, त्यांना एका तराजूत कसे तोलावयाचे? ह्या पाठात आपण अशाच दोन मल्लांची ओळख करून घेणार आहोत. एक खाशाबा जाधव आणि दुसरे राहुल आवारे. दोघेही धिप्पाड नव्हेत. सत्तावन्न किलोग्रॅम वजनाच्या गटात दोघांनीही परदेशी जाऊन पदक मिळविले. एवढे साम्य असूनही दोघांच्या वाटा किती निराळ्या होत्या, ते पाहण्यासारखे आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील स्वतः पहिलवान असल्यामुळे जोर, बैठका आणि लाल माती यांची ओळख त्यांना घरातच झाली. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण घेऊन ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. अंगाने लहान, पण चपळाई विजेसारखी. ढाक हा त्यांचा आवडता डाव. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत धरून त्याला क्षणार्धात उलटा करणे हे त्यांचे वैशिष्ट्य होते.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने खाशाबा तेथे गेले. तोवर त्यांची सारी कुस्ती मातीत झाली होती. गादीवर ते प्रथमच उतरत होते. माती आणि गादी यांत फरक तो काय, असे तुम्हांस वाटेल. मातीत मल्लाचे पाय रुततात, हात मातीने कोरडे राहतात व पकड घट्ट बसते. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली, की कुस्ती संपली. तोपर्यंत कितीही वेळ लागो. गादीवर पाय निराळे पडतात, घामाने पकड निसटते आणि वेळ ठरलेला असतो. अशा परक्या भूमीवर खाशाबांनी आपल्या गटात सहावा क्रमांक मिळविला. ते निराश होऊन परतले नाहीत. पुढील चार वर्षे त्यांनी सरावात घालविली.

१९५२ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे पुन्हा ऑलिंपिक सामने होते. परंतु निवडीच्या वेळी खाशाबांना अगदी थोड्या गुणांनी मागे ठेवण्यात आले. आपल्यावर अन्याय झाला आहे, असे त्यांना वाटले. त्यांनी आदळआपट केली नाही. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. “मला पुन्हा लढू द्या,” एवढाच त्या मागणीचा अर्थ होता. पुन्हा कुस्ती झाली, खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले आणि आपली जागा मिळविली.

आता प्रश्न राहिला पैशांचा. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या हातून काही मोठे घडेल, ह्या विश्वासावर गुरूने आपले छप्पर पणाला लावावे, याहून मोठा आशीर्वाद कोणता असू शकेल?

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको इत्यादी देशांच्या मल्लांना हरविले. पुढे सोव्हिएत संघ व जपान यांच्या मल्लांपुढे त्यांना हार पत्करावी लागली. दोन कुस्त्यांच्या मध्ये नियमाप्रमाणे मिळावयाची विश्रांती त्यांना मिळाली नाही आणि त्याबद्दल हरकत घेणारा भारतीय अधिकारी त्या वेळी जवळ नव्हता, असे त्यांच्या हकिकतीत सांगितले जाते. तरीही कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडलेच. ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक पदक होय.

ते परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढून लोकांनी त्यांचे स्वागत केले. मिरवणूक संपली, पण प्राचार्यांचे घर गहाणच होते. खाशाबांनी कुस्त्यांचे सामने भरविले, त्यांत ते स्वतः लढले आणि जमलेल्या पैशांतून गुरूचे घर सोडविले. पदकाइतकेच हे कृत्यही स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. तेथे त्यांनी दीर्घकाळ सेवा केली आणि सहायक पोलीस आयुक्त ह्या पदापर्यंत ते पोहोचले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, तो मरणोत्तर. आणि तोही २००० सालचा. ज्याच्या गळ्यात हार घालावयाचा, तो गळाच तेव्हा उरला नव्हता.

आता दुसऱ्या मल्लाकडे वळू. राहुल आवारे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९९१ रोजी झाला. त्यांचे गाव बीड जिल्ह्यातील पाटोदा. ह्या जिल्ह्यात पाऊस बेताचा. दिवाळी झाली, की हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी परमुलखात जातात. अशा भागात तालमीचा खुराक चालविणे हीच मोठी कसोटी असते. राहुल यांचे वडील बाळासाहेब हेही पहिलवान. त्यांनी मुलाला कुस्तीचे पहिले धडे दिले आणि पुढे त्याला पुण्यास धाडले. तेथे हरिश्चंद्र बिराजदार हे त्यांना गुरू लाभले. बिराजदारांनी १९७० साली एडिंबरो येथील राष्ट्रकुल सामन्यांत सुवर्णपदक मिळविले होते. म्हणजे गादीवरची कुस्ती काय असते, हे स्वतः अनुभवलेला वस्ताद राहुल यांना मिळाला. खाशाबांना लंडनला पोहोचल्यावर जे शिकावे लागले, ते राहुल यांना तालमीतच शिकता आले.

२००८ साली पुण्यात झालेल्या राष्ट्रकुल युवा सामन्यांत राहुल यांनी सुवर्णपदक पटकाविले. पुढे २०११ साली आशियाई स्पर्धेत त्यांना कांस्यपदक मिळाले; पण त्याच वर्षी बिराजदार वारले. गुरूचे छत्र हरपल्यावर त्यांनी काका पवार यांच्या मार्गदर्शनाखाली सराव चालू ठेवला. परंतु ज्या एका स्पर्धेवर प्रत्येक मल्लाचे डोळे असतात, ते ऑलिंपिकचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली नाही.

एवढ्या वर्षांच्या मेहनतीनंतर हे घडले, म्हणजे पुष्कळ जण लंगोट खुंटीला टांगतात. राहुल यांनी तसे केले नाही. १२ एप्रिल २०१८ रोजी ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल सामन्यांची अंतिम कुस्ती झाली. कॅनडाचे स्टीव्हन ताकाहाशी यांना १५-७ असे हरवून राहुल यांनी सत्तावन्न किलोग्रॅम गटाचे सुवर्णपदक जिंकले. पुढच्याच वर्षी कझाकस्तानात जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तेथे एकसष्ट किलोग्रॅम गटात अमेरिकेच्या मल्लाला ११-४ असे नमवून त्यांनी कांस्यपदक मिळविले. दुर्दैव असे, की हा वजनगट ऑलिंपिकमध्ये नव्हता. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि महाराष्ट्राच्या पोलीस दलात ते उपअधीक्षक झाले.

आता तराजू हाती घेऊ. केवळ पदकांची संख्या मोजली, तर राहुल यांचे पारडे जड दिसेल. केवळ ऑलिंपिक हाच निकष मानला, तर खाशाबांपुढे दुसरे नावच घेता येणार नाही. दोन्ही हिशेब खरे आहेत, पण अपुरे आहेत. मल्लाने काय मिळविले, हे पाहताना ते मिळविण्यासाठी त्याला काय काय ओलांडावे लागले, हेही पाहिले पाहिजे.

खाशाबांच्या काळी गादी दुर्मिळ, परदेशचा अनुभव नाही, प्रवासाला पैसा नाही. वाट अशी नव्हतीच. त्यांनी ती पाडली. त्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळावयास चव्वेचाळीस वर्षे लागली. १९९६ साली ते टेनिसमध्ये लिअँडर पेस यांनी मिळविले. कुस्तीतील दुसरे पदक तर २००८ साली, म्हणजे छप्पन्न वर्षांनी सुशील कुमार यांनी आणले. आणि महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक पदक कोल्हापूर जिल्ह्याचे नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली मिळवून दिले, तेव्हा बहात्तर वर्षे उलटून गेली होती. ह्या आकड्यांवरून त्या एका कांस्यपदकाचे वजन ध्यानात येते.

राहुल यांना गादी मिळाली, वस्ताद मिळाले, परदेशी स्पर्धांचा अनुभव मिळाला. पण त्यांच्या काळात स्पर्धकही वाढले होते. देशातल्या देशात एका जागेसाठी अनेक तोलामोलाचे मल्ल उभे होते. त्यांच्याच सत्तावन्न किलोग्रॅम गटात रवी कुमार दहिया यांनी टोकियो ऑलिंपिकचे रौप्यपदक जिंकले, यावरून ती चुरस कळते. खाशाबांना वाट पाडावी लागली. राहुल यांना गर्दीतून वाट काढावी लागली.

तेव्हा मोठे कोण? पराक्रमात पहिला मान खाशाबांचाच. तो कोणी हिरावून घेऊ शकणार नाही. परंतु चिकाटीत राहुल त्यांच्यापुढे उणे ठरत नाहीत. युवा सामन्यांतील पदकापासून जागतिक पदकापर्यंत अकरा वर्षे गेली. ह्या अकरा वर्षांत दार बंद झाले, तरी त्यांनी तालीम बंद केली नाही.

शिवाय ह्या तराजूत आणखी एकाचे मोजमाप होते; ते म्हणजे समाजाचे. खाशाबांसाठी एका शिक्षकाला घर गहाण ठेवावे लागले आणि सन्मान यावयास मृत्यूनंतर वर्षे लोटावी लागली. राहुल यांना पुरस्कार व पद ही दोन्ही वयाच्या तिशीपूर्वीच मिळाली. एवढ्यापुरता समाज सुधारला, असे म्हणता येईल. परंतु निवडीची वेळ येते तेव्हा प्रत्येक खेळाडूला आपले बळ दाखविण्याची निर्मळ संधी मिळालीच पाहिजे. १९५२ साली खाशाबांनी मागितली होती, ती हीच. पहिलवानाला दया नको असते; त्याला फड हवा असतो.

यापुढे जत्रेत दोन मल्लांविषयी वाद रंगला, तर तुम्हीही त्यात अवश्य भाग घ्या. मात्र निकाल देण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारा : हा मल्ल जेथे पोहोचला तेथे पोहोचण्यासाठी कोठून निघाला होता?

स्वाध्याय

१. मातीतील कुस्ती व गादीवरील कुस्ती यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.

२. प्राचार्य खर्डीकर यांनी खाशाबांसाठी काय केले? खाशाबांनी त्याची उतराई कशी केली?

३. ‘खाशाबांना वाट पाडावी लागली, राहुल यांना गर्दीतून वाट काढावी लागली.’ ह्या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : पणाला लावणे, दाद मागणे, लंगोट खुंटीला टांगणे, छत्र हरपणे.

५. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या पहिलवानाला भेटा. त्यांच्या काळची तालीम आणि आजची तालीम यांची तुलना करून दहा ओळी लिहा.