किंग काँग इमारतीवर चढला कसा?

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या टोकावर उभा राहून विमानांना फटकारणारा राक्षसी गोरिला तुम्ही चित्रात तरी पाहिला असेलच. हाच किंग काँग. कूपर आणि शूडसॅक या दिग्दर्शकांचा हा चित्रपट १९३३ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला.

कथेत काँग आपल्या बेटावर सुमारे १८ फूट उंच दाखविला आहे. प्रत्यक्षात त्याचा पुतळा होता अवघा १८ इंचांचा! आत सांध्यांशी वळणारा धातूचा सांगाडा, त्यावर रबर आणि वर सशाची केसाळ कातडी. विलिस ओब्रायन व त्यांचे सहकारी पुतळ्याचा हात किंचित हलवीत, एक छायाचित्र घेत, पुन्हा हलवीत, पुन्हा घेत. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे सरकतात. म्हणजे एका मिनिटाच्या हालचालीला १,४४० चित्रे हवीत! या खटाटोपात बोटे लागून पुतळ्याचे केस विस्कटत. त्यामुळे पडद्यावर काँगचे केस सारखे वळवळताना दिसतात. वास्तविक हा दोषच; पण पाहणाऱ्याला वाटते, काँग रागाने केस फुलवतो आहे. मला तर हा दोष फार आवडतो.

चित्रपटात इतर दोषही आहेत. वनस्पती खाणारा ब्राँटोसॉरस येथे खलाशांना तोंडात पकडतो. बेटावरच्या लोकांचे रानटी चित्रण तर आज पाहवत नाही. पण आपल्याला रस आहे तो काँगच्या शरीरात.

शाडूच्या मातीचा १ सेंमी. बाजूचा ठोकळा करा. मग ३ सेंमी. बाजूचा करा. दुसऱ्याला माती किती लागली? २७ पट. त्याचा तळ मात्र ९ पटच झाला. म्हणजे तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर तिप्पट भार आला. गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात हाच विचार प्राण्यांच्या हाडांना लावला होता.

आता नर गोरिलाची उंची सोयीसाठी ६ फूट धरू (असते त्याहून थोडी कमीच) आणि वजन १६० किलोग्रॅम. काँग त्याच्या तिप्पट उंच, म्हणून वजन १६० × २७ = ४,३२० किलोग्रॅम. हे झाले मोठ्या हत्तीचे वजन! हत्ती ते खांबासारख्या चार सरळ पायांवर पेलतो. काँग मात्र गुडघे वाकवून दोन पायांवर धावतो, उड्या मारतो, कुस्ती खेळतो.

उभे राहणे एक वेळ जमेल. चढणे कसे जमावे? स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. काँगच्या दंडात ताकद ९ पट, उचलायचे वजन मात्र २७ पट. तुमच्याच वजनाची आणखी दोन मुले पाठीवर घेऊन नारळाच्या झाडावर चढून पाहा, म्हणजे काँगची अडचण कळेल. (खरेच पाहू नका!)

गंमत पुढेच आहे. न्यूयॉर्कच्या उंच इमारतींपुढे १८ फुटांचा काँग लहान दिसेल, म्हणून तेथे त्याला सुमारे २४ फुटांचा केला. नेमका चढायच्या वेळीच तो आणखी जड झाला! आता पाठीवर किती मुले घ्यावी लागतील, हे गणित तुम्हीच करा.