पोलीस, घर आणि मनाचा आजार

गुप्त पोलीस म्हटला कीं खून, दरोडे आणि बोटांचे ठसे एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. परंतु अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड येथील ठाण्यांत तपास करणाऱ्या अधिकाऱ्यापुढें आणखी दोन बिकट प्रश्न येतात. एक, बंद दारामागील मारहाण; दुसरा, मनाचा आजार.

समजा, एक तरुण १९८२ सालीं फौजदार झाला आणि ३६ वर्षें सेवा करून २०१८ सालीं निवृत्त झाला. तेवढ्या अवधींत कायद्याची दृष्टि किती पालटली, हें पाहण्यासारखें आहे.

तो नोकरीस लागला तेव्हां बायकोस होणारी मारहाण हा घरगुती मामला समजण्याची वहिवाट होती. १९८३ सालीं दंडसंहितेंत कलम ४९८-अ आलें व पतीनें किंवा त्याच्या नातलगांनीं केलेला पत्नीचा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. (१ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्यायसंहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे.) १९८४ सालीं टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनें मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या कचेरींतच महिला व मुलांसाठीं विशेष कक्ष सुरू केला. तक्रार लिहून घेणें आणि दुःख ऐकून घेणें हीं दोन्ही कामें त्यामुळें एका छपराखालीं आलीं. पुढें २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलांत आला. अपमान, धमकी आणि पैशाची अडवणूक हीहि हिंसाच होय, असें त्यानें सांगितलें. संरक्षण अधिकारी व मोफत कायदेशीर मदत यांची माहिती पीडित स्त्रीस देणें हें पोलिसांचें कर्तव्य झालें.

आतां मनाच्या आजाराकडे वळूं. १९१२ च्या कायद्यान्वयें रस्त्यांत भटकणाऱ्या 'वेड्या'स पोलीस अटक करूं शकत. १९८७ च्या कायद्यानें 'अटक' या शब्दाच्या जागीं 'संरक्षण' हा शब्द आणला, आणि २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ रोजीं लागू झाला. अशा मनुष्यास कोठडींत ठेवतां येत नाहीं. २४ तासांच्या आंत सरकारी आरोग्यसंस्थेंत पोंचवावें लागतें. तो बेघर असेल तर हरवलेल्या माणसाची नोंद करून त्याचे आप्त शोधून काढणें हेंहि ठाणे अंमलदाराचें काम आहे. एखाद्या घरांत मनोरुग्णाचा छळ वा हेळसांड होत असल्याचें वाटल्यास त्यानें तत्काळ मॅजिस्ट्रेटास कळविलें पाहिजे. अशा निराधार रुग्णांस बरें करून घरीं पोंचविण्याचें कार्य बोरिवलीचे डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनीं १९८८ सालीं श्रद्धा पुनर्वसन संस्था काढून आरंभिलें. डॉ. भरत यांस २०१८ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

मात्र या दोन प्रश्नांची गल्लत करूं नये. मनोरुग्ण बहुधा कोणास इजा करीत नाहीं. उलट तोच पुष्कळदां छळास बळी पडतो. कचेरींत साहेबापुढें मान लववून घरीं बायकोवर हात उगारणारा मनुष्य भ्रमिष्ट नव्हे. कोणावर हात टाकावा हें त्यास नीट कळतें. उलटपक्षीं, मार सोसून खचलेल्या स्त्रीस 'वेडी' म्हणून तिचें बोलणें उडवून लावणें हा दुसरा अन्याय होय. येथें चांगला अधिकारी तोच, जो दोन्ही बाजू ऐकतो, अंगावरचे वळ पाहतो आणि दाराआड उभ्या असलेल्या लेंकराकडेहि लक्ष देतो.

मुलांनो, असें कांहीं तुमच्या वा शेजारच्या घरीं घडत असेल तर तो दोष तुमचा नव्हे, आणि तें लपविणें हें कुळाच्या अब्रूचें रक्षणहि नव्हे. विश्वासू शिक्षकांस सांगा. पोलिसांसाठीं ११२, मुलांसाठीं १०९८ आणि मनाच्या आजारासाठीं १४४१६ हे क्रमांक ध्यानांत ठेवा. पालकांनींहि शेजारचा आक्रोश ऐकून खिडकी लावून घेऊं नये. शोमरोन्याच्या दृष्टान्तांत जखमी मनुष्यास पाहून दोघे जण बाजूनें निघून गेले. तिसरा थांबला, त्यानें जखमा बांधल्या व त्यास उतारशाळेंत नेलें. पोलिसाच्या गणवेषास खरी शोभा त्या थांबण्यानें येते, आणि तें थांबणें गणवेषावांचूनहि साधतें.